पाला थांबला की दुधी लावा!

उत्तर भारतात राहायला गेलेल्या मराठी माणसाची पहिल्याच हिवाळ्यात एका शब्दावरून हमखास गंमत होते. जानेवारीतल्या एखाद्या संध्याकाळी शेजारच्या भाभी सांगतात, ‘कुंड्या आत घ्या, आज रात्री पाला पडणार आहे.’ आपण नकळत वर झाडाकडे बघतो. आपल्याला पाला माहीत असतो तो मेथीचा, शेवग्याचा, नाहीतर अंगणात झाडून गोळा केलेला पालापाचोळा. हिंदीतला पाला वेगळाच. तो म्हणजे गोठलेलं दव. पहाटे गवतावर बारीक मीठ भुरभुरल्यासारखा तो दिसतो, ऊन चढलं की नाहीसा होतो आणि दुपारपर्यंत वेलाची पानं उकडल्यासारखी काळी पडून लोंबायला लागतात.

तुम्ही नोकरीनिमित्त दिल्लीला, लखनौला, डेहराडूनला किंवा आणखी वर डोंगरात राहत असाल, तर हा पाला तुम्हाला कधी ना कधी भेटलाच असेल. गावाहून येताना आईने कागदाच्या पुडीत दिलेल्या दुधीच्या बिया तुमच्याजवळ असतील, तर त्याची ओळख करून घेणं फारच गरजेचं आहे. त्या पुडीत फक्त बिया नसतात, गावाकडचं वेळापत्रकही बांधून आलेलं असतं. ‘संक्रांत झाली की वेल लाव,’ असं आई सांगते. महाराष्ट्रात ते अगदी बरोबर आहे. तिथे उन्हाळी दुधी जानेवारी-फेब्रुवारीत लावतात आणि पावसाळी जून-जुलैत. पण संक्रांतीला दिल्लीत थंडीचा कडाका असतो आणि श्रीनगरमध्ये बर्फ.

वेलवर्गीय भाज्यांचा नाजूकपणा

दुधी, दोडका, कारलं, पडवळ, घोसाळं, काकडी आणि लाल भोपळा ही सगळी एकाच कुळातली भावंडं. सगळ्यांचा स्वभाव उबेचा. मुळा, गाजर, पालक, कोबी या भाज्या थंडी सोसतात, काही तर थंडीत जास्त गोड होतात. वेलवर्गीय भाज्यांना मात्र गोठणं अजिबात सोसत नाही. त्यांच्या पानांत पाणी भरपूर असतं. ते गोठलं की पेशी फाटतात आणि फाटलेल्या पेशी पुन्हा जुळत नाहीत. माती १५ अंशांपेक्षा थंड असेल तर बी उगवतही नाही, ओलाव्यात पडून कुजतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बातम्यांत सांगतात ते किमान तापमान जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर मोजलेलं असतं. आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमिनीलगतची हवा त्याहून तीन-चार अंशांनी थंड असू शकते. म्हणून पेपरात ‘किमान तापमान ४ अंश’ असं छापून येतं आणि तुमच्या वाफ्यातली काकडी गोठलेली असते. ढगाळ रात्र मात्र वेलाला वाचवते, कारण ढग पांघरुणाचं काम करतात.

महाराष्ट्रात असं क्वचित होतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात हिमकण दिसले की त्याची बातमी होते. निफाडला पारा उतरला की द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. पण परसातल्या दुधीसाठी कुणी हिवाळ्याची तारीख विचारत नाही. जिथे ती विचारावीच लागते, अशा दोन जागी मी जाऊन आले. एक गंगेच्या वाळूत आहे, दुसरी दल सरोवराच्या पाण्यावर. दोन्हीकडे दुधीच पिकतो, पण हिशेब अगदी उलटे आहेत.

गंगेच्या वाळूत

दिल्लीहून मुरादाबादच्या दिशेने निघालं की साधारण शंभर किलोमीटरवर गढमुक्तेश्वर लागतं. कार्तिकी पौर्णिमेला इथे गंगेच्या काठी मोठी जत्रा भरते. जत्रेच्या सुमाराला पुराचं पाणी ओसरलेलं असतं आणि नदीच्या दोन्ही अंगांना वाळूचे लांबच लांब पट्टे उघडे पडलेले असतात. या सखल भागाला इथले लोक ‘खादर’ म्हणतात आणि वाळूतल्या वेलांच्या शेतीला ‘पालेज’. पालेज हा शब्द फारसीतून आलेला आहे. आपल्याकडे नदीच्या वाळवंटात कलिंगडाच्या वाड्या करतात, त्याच जातीची ही शेती.

मी गेले ती जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. अकरा वाजून गेले तरी धुकं पुरतं उठलेलं नव्हतं. लांबून फक्त वाळलेल्या गवताचे ओळीने उभे केलेले बुटके कूड दिसत होते. जवळ गेल्यावर प्रत्येक कुडाच्या पायथ्याशी, वाळूत खणलेल्या चरात, चार-पाच पानांची रोपं दिसली. बाहेर स्वेटरवर शाल घेऊनही थंडी वाजत होती आणि ही कोवळी पानं तिथे जिवंत होती.

तिथे एक मध्यमवयीन जोडपं काम करत होतं. त्यांच्या मालकीची जमीन नाही. वाळूचा पट्टा एका हंगामापुरता खंडाने घ्यायचा, खतासाठी उसनवारी करायची आणि पावसाळ्याच्या आत सगळं आटपायचं, असा त्यांचा दरवर्षीचा क्रम. बाईंनी मला एकेक गोष्ट हाताने दाखवली.

पाणी ओसरलं की साधारण दोन-दोन मीटरवर चर खणतात, दीड ते दोन फूट खोल. वरची वाळू कोरडी असते, पण खाली नदीची ओल असते. वेलाची मुळं एकदा तिथे पोचली की पाणी फारसं द्यावं लागत नाही. चरात कुजलेलं शेणखत घालतात. बी आधी रात्रंदिवस पाण्यात भिजवतात, मग ओल्या गोणपाटात गुंडाळून चुलीच्या उबेला तीन-चार दिवस ठेवतात. मोड आलेलंच बी वाळूत जातं, कारण नोव्हेंबरअखेरच्या थंड वाळूत कोरडं बी उगवेल याचा भरवसा नसतो.

मग येतो सरकंडा. हे नदीकाठी वाढणारं उंच, टोकदार गवत. त्याचा कूड चराच्या उत्तरेच्या आणि वायव्येच्या बाजूला, थोडा रोपांवर कललेला, असा रोवतात. गार वारा त्याच दिशेने येतो, तो अडतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे समोरची बाजू मोकळी राहून दिवसभर ऊन आत येतं. वाळू पटकन तापते आणि रात्री तितकीच पटकन निवते. कूड असला की ती ऊब थोडी जास्त वेळ टिकते. मार्चमध्ये हेच गवत मोडून वाळूवर अंथरतात आणि वेल त्यावर पसरतात. तेव्हा तेच सरकंडा वेलाला खालच्या तापलेल्या वाळूपासून वाचवतं.

इतका खटाटोप कशासाठी, असं तुमच्याही मनात आलं असेल. मी बाईंना तेच विचारलं. सगळ्यांसारखा फेब्रुवारीत, पाला संपल्यावर का लावत नाही?

“ताई,” त्या म्हणाल्या, “फेब्रुवारीत लावला तर दुधी मेमध्ये येणार. मेमध्ये दुधीला कोण विचारतं? मंडईत ढीग पडलेले असतात. आणि जून सरला की गंगामैया आपली जागा परत मागायला येते.”

दोन वाक्यांत त्यांनी सगळं गणित मांडलं. एका टोकाला जानेवारीचा पाला, दुसऱ्या टोकाला पावसाळ्याचा पूर. मधल्या काही महिन्यांत वेल वाढायला हवा, फळं लागायला हवीत आणि भाव चांगला असताना ती विकली जायला हवीत. मार्चमध्ये बाजारात येणाऱ्या पहिल्या दुधीला जो भाव मिळतो, त्यातूनच खंड आणि उसनवारी फिटते. उशिराचं पीक भरपूर येतं, पण त्यातून हातात फारसं उरत नाही. पूर किती लवकर येऊ शकतो, हे २०२३ साली यमुनेने दाखवून दिलं. १३ जुलैला दिल्लीच्या जुन्या रेल्वेपुलापाशी पाण्याची पातळी २०८.६६ मीटरवर गेली आणि १९७८ सालचा २०७.४९ मीटरचा उच्चांक मोडला. नदीच्या पात्रात शेती करणाऱ्याला जुलैचा भरवसा धरताच येत नाही.

पाल्याच्या रात्री काय करता, हेही विचारलं. संध्याकाळी आभाळ स्वच्छ दिसलं आणि वारा पडला, की घरातली लहानमोठी सगळी माणसं वाळूत येतात. प्रत्येक खड्ड्यावर वाळलेल्या गवताची पेंढी आडवी टाकायची आणि सकाळी ऊन आलं की पुन्हा काढायची. शेकडो खड्डे असतात आणि अशा रात्री एकामागून एक येतात. तरीही काही रोपं जातातच.

“मग बी कुठून आणता पुन्हा?” मी विचारलं.

त्यांनी पदराच्या टोकाला बांधलेली गाठ दाखवली. “अर्धं बी जत्रेनंतर टाकतो. पाव बी जानेवारी सरताना, मेलेल्यांच्या जागी. उरलेलं पाव घरी डब्यात. तेवढं काही झालं तरी काढायचं नाही.”

त्या गाठीतल्या बिया गेलेल्या रोपांच्या जागी लावायच्या होत्या. मी निघाले तेव्हा त्या वाकून मेलेली रोपं उपटत होत्या आणि त्यांचे यजमान मागोमाग बोटाने वाळूत भोक पाडत होते.

दल सरोवरावर

श्रीनगरला मी एप्रिलच्या शेवटी गेले. पर्यटक ट्यूलिपची बाग बघून परतत होते. दिवसा छान ऊन पडायचं, पारा विशीच्या घरात जायचा. अंगातला स्वेटर काढावासा वाटे. पण सूर्य डोंगराआड गेला की लगेच हुडहुडी भरे. समुद्रसपाटीपासून सुमारे १५८५ मीटर उंचीवरचं हे शहर. बदामाची झाडं मार्चमध्येच फुलून जातात, पण दुधीच्या वेलाने त्यांच्यावर विसंबू नये.

पहाटेच्या अंधारात शिकाऱ्यातून भाजीबाजार बघायला गेलात, तर दल सरोवराचं दुसरं रूप दिसतं. होड्या होड्यांना भिडतात आणि पालक, हाक, मुळा, नदरू म्हणजे कमळाचे देठ, यांची पाण्यावरच घासाघीस चालते. ही भाजी पिकते सरोवरातच. काठालगत गाळ आणि पाणवनस्पती टाकून उचललेल्या जमिनीला ‘डेंब’ म्हणतात. खऱ्या तरंगत्या शेताला ‘राद’ म्हणतात. लव्हाळ्याच्या आणि पाणगवताच्या गुंतलेल्या मुळांचा हा जाड तराफा असतो. तो दोरीने ओढून दुसरीकडे नेता येतो, म्हणून शेत चोरीला गेल्याच्या कथाही इथे ऐकायला मिळतात.

विल्यम मूरक्रॉफ्ट हा इंग्रज प्रवासी १८२२-२३ मध्ये काश्मीरमध्ये होता. त्याने या शेतांचं बारकाईने वर्णन करून ठेवलं आहे. पाणगवत पिळून त्याचे शंकूसारखे ढीग तराफ्यावर मांडायचे, प्रत्येक ढिगाच्या माथ्यावर खळगा करून त्यात सरोवराचा मऊ गाळ भरायचा आणि त्यात काकडीची, खरबुजाची दोन-तीन रोपं लावायची. या रोपांना पाणी घालावं लागत नाही आणि निंदणीही फारशी नसते. मी बघितलेल्या रादवरचे ढीगही तसेच होते, फक्त अजून रिकामे होते.

आमचे शिकारेवाले चाचा स्वतः भाजी पिकवणारे. रोपं त्यांच्या घराच्या ओसरीवर प्लॅस्टिकच्या कागदाखाली तयार होती. काश्मिरीत दुधीला ‘अल’ म्हणतात. अलची रोपं हातभर अंतरावर असताना ढीग रिकामे का, असं मी विचारलं.

“बेटी, दिवस फसवतो,” ते म्हणाले. “रात्रीला विचारायचं. रात्र हो म्हणाली की लावायचं.”

काश्मीरमध्ये एप्रिलमध्येही एखादी रात्र गोठवणारी निघते, डोंगरउतारांवर बर्फही पडतं. म्हणून एप्रिल सरताना आणि मेमध्ये वेल बाहेर जातात. तिकडे ऑक्टोबरअखेरीस पुन्हा पहाटे गारठायला लागतं. म्हणजे वेलाच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा महिने येतात. भोवतीच्या पाण्याची थोडी मदत होते. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, त्यामुळे एखादी थंड रात्र सरोवरावर उघड्या शेतापेक्षा थोडी सौम्य जाते.

पण इथली खरी तारीख आहे २१ डिसेंबर. त्या दिवशी ‘चिल्लई कलान’ सुरू होतो, चाळीस दिवसांचा सगळ्यात कडक हिवाळा. त्यानंतर वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. पूर्वी या सत्तर दिवसांत ताजी भाजी मिळायची नाही. आजही बर्फाने नाहीतर दरडींनी जम्मूकडचा महामार्ग बंद पडला की मंडईतले भाव चढतात. म्हणून उन्हाळ्यातच दुधीच्या चकत्या करून दोऱ्यात ओवतात आणि खिडक्यांना, ओसरीला टांगून वाळवतात. वांगी आणि टोमॅटोही असेच वाळवतात. या सगळ्या वाळवणाला ‘होख स्यून’ म्हणतात आणि वाळवलेल्या दुधीला ‘अल हच’. चिल्लई कलानमध्ये बाहेर बर्फ, आत फेरनखाली कांगडी आणि ताटात अल हच, असे दिवस जातात.

हे ऐकताना मला आपल्याकडच्या गच्च्या आठवल्या. चैत्र-वैशाखाच्या उन्हात कुरडया, पापड्या आणि कोहळ्याचे सांडगे वाळत घातलेले असतात. कोहळाही त्याच कुळातला. आपण पावसाळ्यासाठी वाळवतो, ते बर्फासाठी वाळवतात. फरक इतकाच की आपल्याकडचं वाळवण एखाद्या वर्षी चुकलं तर फार तर तोंडी लावणं कमी पडतं. तिथे पूर्वी ते चुकलं तर जेवणच अडायचं.

म्हणून चाचांचा हिशेब शेवटाकडून सुरू होतो. चिल्लई कलानच्या आत अल वाळलेला हवा. वाळायला उन्हाळ्याचं कडक ऊन हवं, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फळं तयार हवीत. त्यासाठी वेल मेमध्ये रादवर हवा आणि रोप त्याआधी महिनाभर ओसरीवर. गंगेच्या वाळूतली बाई पाल्याच्या आधी लावते आणि पाल्याशी झगडते. दलवरचे चाचा पाला संपेपर्यंत हात बांधून बसतात. दोघांनाही स्वतःच्या जागेची तारीख मात्र पक्की ठाऊक असते.

आणि तुमच्या घरी?

तुमच्या गॅलरीतल्या वेलावर कुणाची उसनवारी फिटायची नाही, त्यामुळे तुम्ही चाचांचा मार्ग धरा आणि वाट बघा. मुंबई, हैदराबाद, बंगळूर, चेन्नईत पाल्याची चिंता नाही, थंडीत वेल फक्त सावकाश वाढतो. इंदूर, भोपाळकडे कडाक्याच्या वर्षी उघड्यावर पाला पडतो, तेव्हा जानेवारी सरू द्या. दिल्ली, लखनौ, जयपूर, चंडीगडला मध्य फेब्रुवारी ते मध्य मार्च हा बी पेरायचा चांगला काळ. मसुरी, शिमल्यासारख्या डोंगरातल्या गावी एप्रिलपर्यंत थांबा. श्रीनगरला किंवा तेवढ्या थंडीच्या ठिकाणी बदली झाली असेल, तर मे उजाडू द्या.

वाट बघताना हात रिकामे ठेवायचं कारण नाही. बाहेर लावायच्या तारखेच्या तीन-चार आठवडे आधी बिया एक दिवस भिजवून कागदी पेल्यांत लावा आणि पेले घरातल्या उबदार, उजेडाच्या खिडकीत ठेवा. दोन ते चार पानं आली की आठवडाभर रोज थोडा वेळ बाहेर ठेवून रोपांना सवय करा. कुंडीत लावताना मुळांभोवतीची माती सांडू देऊ नका, कारण या वेलांना मुळं दुखावलेली चालत नाहीत. कुंडी दक्षिणेकडच्या भिंतीला लागून असू द्या. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. एवढं करूनही एखादी रात्र निरभ्र, निवांत आणि बोचरी वाटली, तर दुपारीच मातीला थोडं पाणी द्या, कारण ओली माती ऊब जास्त धरून ठेवते. संध्याकाळी रोपावर बादली किंवा कुंडी पालथी घाला आणि सकाळी ऊन आल्यावर आठवणीने काढा.

आणि सगळ्या बिया एकाच दिवशी संपवू नका. अर्ध्या आता, पाव पंधरा दिवसांनी आणि पाव डब्यात. गावाहून आलेलं वाण पुन्हा मिळेलच असं नाही. ज्या विहिरीच्या काठी आजीने ते जपलं, तिथे आता कदाचित घर उभं असेल.

दुधाचा हिशेब मांडता त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ज्या सकाळी पाला दिसला त्या तारखेला एक छोटी फुली मारा. तीन-चार वर्षांत त्या फुल्यांवरून तुमच्या गॅलरीचं स्वतःचं पंचांग तयार होईल. मग उन्हाळा संपताना वेलावर एक दुधी तसाच राखा. तो वाळून हलका झाला, हलवल्यावर आतून खुळखुळ वाजला, की बिया काढा. आईच्या पुडीवर तिच्या अक्षरात नुसतं ‘दुधी, गावचा’ एवढंच लिहिलेलं असतं. तुमच्या पुडीवर त्याखाली आणखी एक ओळ येऊ द्या. तुम्ही राहता त्या गावाचं नाव आणि तिथे बी लावायची तारीख.